पॅनल तयार मिळतं, मग एवढा वेळ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुनी अ‍ॅम्बेसेडर नाहीतर पद्मिनी आमच्याकडे दुरुस्तीला लावलेले बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतातच: "भाऊ, मडगार्ड आलं, दाराखालची सिल आली. आता जुनं कापायचं आणि नवं जोडायचं. मग गाडी अजून उभीच कशी?"

तयार पॅनल, म्हणजे बाजारात मिळणारा बॉडीच्या पत्र्याचा भाग, त्या मॉडेलचं असतं, तुमच्या गाडीचं नसतं. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या इंग्लिश गाडीवरून घेतलेली, आणि बंगालात उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत होती. एवढ्या वर्षांत बाहेरचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून कुठलंही मडगार्ड कुठल्याही गाडीला बसेल असं वाटतं. पण आज मिळणारा बराचसा माल नमुना बघून हाताने ठोकलेला असतो. शिवाय तुमच्या गाडीने धुळे-जळगाव रस्त्यावर कधीतरी ठोकर खाल्लेली असते, कुणीतरी ती ओढून सरळ केलेली असते. म्हणजे फरक दोन्ही बाजूंनी आहे. भोकं जुळली तरी रेषा जुळतेच असं नाही.

म्हणून आधी सगळं कोरडं बसवून बघतो. शिंपी कच्चे टाके घालतो ना, तसंच. मागच्या दारापासून सुरुवात करायची, कारण त्याच्या मागचा पत्रा बॉडीला पक्का असतो, तो हलत नाही. मागचं दार त्या पत्र्याशी जुळवायचं, पुढचं दार मागच्याशी, मडगार्ड पुढच्या दाराशी आणि बोनेट सगळ्यात शेवटी. उलटीकडून आलात तर सगळा फरक दारात येऊन साठतो, आणि तिथे तो लपत नाही. दारांमधली फट मी चार-पाच मिलिमीटर धरतो. ती वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसली पाहिजे, यावर मी अडून बसतो.

आता सिल, म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी. वेळ खरा इथे जातो. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते, आणि त्यात सिलचा वाटा मोठा. आपल्या खानदेशात पाऊस बेताचा, त्यामुळे मुंबईहून आणलेल्या गाडीच्या मानाने इथली गाडी वरून धडधाकट दिसते. पण रावेर-यावलकडे केळीच्या बागांत फिरलेली गाडी खालून उघडून बघा. काळी माती मडगार्डच्या आत आणि सिलच्या कडेला घट्ट बसलेली असते. ती पाणी धरून ठेवते. सिलच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, तीही ती बुजवते. मग पत्रा आतून खात जातो, आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतली पेटी पोखरलेली असते.

अशी सिल सरळ कापून काढली तर गाडी मधून खचते. एक-दोन मिलिमीटरच खचते, पण दार लागायचं बंद होतं, आणि त्या अवस्थेत नवी सिल जोडली की तो बाक कायमचा. म्हणून आधी गाडी सपाट फरशीवर स्टँडवर घ्यायची, दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा आधार वेल्ड करायचा, कर्णावरची मापं चौकटीवरच खडूने लिहून ठेवायची. एका वेळी एकच बाजू. जुने स्पॉट, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके, ड्रिलने सोडवायचे, तेही फक्त वरचा थर. खालचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे. जोडावर आत जाणाऱ्या भागाला झिंक प्रायमर आधीच मारायचा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

मग वेल्डिंग. हा पत्रा वीस गेजचा, साधारण ०.९ मिलिमीटर. एका दमात लांब टाका मारला की तापून ताणतो आणि थंड होताना आखडतो. सपाट भागात पोट येतं. आमचे डेंटर आबा एक टाका इथे मारतात, दुसरा हातभर अंतरावर, आणि मध्ये थांबतात. नवीन पोराने घाईने गन उचलली की पत्र्याला उलटा हात लावून म्हणतात, "थांब, आजून गरम शे." आठ-दहा टाके झाले की दार लावून बघायचं, पुन्हा मापं घ्यायची. जळगावच्या मे महिन्यात तर दुपारी हे काम आम्ही करतच नाही. एका अंगाने उन्हाने तापलेल्या गाडीवर घेतलेली फट सकाळी तेवढीच भरेल याचा भरवसा नाही. मापं पहाटेच्या सावलीत.

"उरलंसुरलं लांबीने भरून टाका" असंही सुचवतात. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ती हवीच, पण खरवडलेल्या खुणा झाकण्यापुरती. दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी आणि इथल्या उन्हाने ती तडकते. फट लांबीने घडवलेली असेल तर दार चार वेळा आपटलं की कोपरा निघून येतो. मालक रंगावर पैसे घालायला तयार असतात, रंगाखालच्या या दिवसांवर नसतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा गाडी कामाला आणणार असाल तर एक करा. गंजून गळून पडलेला पत्रा, मडगार्डची तुटकी कड, दाराखालचा तुकडा, जे काही निघालं असेल ते भंगारवाल्याला देऊ नका. पोत्यात भरून गाडीबरोबर आणा. मूळ कड कुठे वळत होती, भोक कुठे होतं, हे त्यावरूनच कळतं, आणि नव्या पॅनलवर खूण करायला दुसरं काहीच हाताशी नसतं.