खिशातलं पातं : पावसाळ्यानंतरची नोंद

मंडळी, उन्हाळ्यात दोन चाकू आलटून पालटून खिशात ठेवायला घेतले होते. आता गणपती होऊन गेले, परतीचा पाऊस गडगडतोय आणि माझ्यापुरता निकाल लागलाय. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी: आठवडाभर खिशात कॅडेट, सुट्टीच्या दिवशी पाठपिशवीत ओपिनेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण पावसाने आणि दापोलीच्या एका माळीकाकांनी मला बरंच शिकवलं.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी दोघांची थोडक्यात ओळख. ओपिनेल हा फ्रान्सच्या आल्प्समधला, साव्वा भागातल्या शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये घडवला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक रिव्हेट आणि पुढे फिरणारं धातूचं कडं. पातं जागेवर अडकवणारं हे कडं १९५५ मध्ये आलं. त्याआधी पातं निव्वळ लाकडाच्या पकडीवर उभं राहायचं. माझा आठ नंबरचा: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, गंजू शकणाऱ्या कार्बन पोलादाचं.

कॅडेट व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाखला १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. शिपायाला डबाबंद अन्न उघडायचं होतं आणि रायफल खोलायची होती, म्हणून त्या चाकूला डबा फोडायचं अवजार आणि पेचकस आला. शस्त्र म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. कॅडेट त्याच घराण्यातला, ८४ मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या खरखरीत पट्ट्यांचा. वजन जवळपास ओपिनेलइतकंच, पण पॅन्टच्या खिशात सपाट झोपतो. ओपिनेलची गोल मूठ खिशातून डोकावत राहते.

काय कापलं

“रोज चाकू कशाला लागतो?” हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाला घरात, ऑफिसात आणि सासुरवाडीत विचारला जातो. खरं उत्तर फारच नीरस आहे: कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी. त्याखालोखाल सुतळी, नव्या कपड्यांवरचे प्लास्टिकचे टॅग, फळं, मुलीच्या पेन्सिली (शार्पनर नेहमी शाळेत हरवलेला असतो), आणि गणपतीच्या आठवड्यात झेंडूच्या माळांचा दोरा. मखराच्या वेळी तर कॅडेट माझ्या खिशात नव्हताच, सोसायटीच्या मांडवात या हातातून त्या हातात फिरत होता.

चिकटपट्टी पात्याला बोथट कमी करते, बरबटवते जास्त. गोंदाचा थर बसला की धार गेली असं वाटतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवून दोन मिनिटं थांबा, मग फडक्याने पुसा. धार तशीच असते. पुठ्ठा मात्र खरोखर धार खातो, त्यात बारीक खनिज कण असतात. म्हणून खोकं उघडताना फक्त पट्टी कापा. खोक्याचे तुकडे करायचे असतील तर कटर वापरा, त्याचं पातं मोडून टाकता येतं.

फळांच्या बाबतीत ओपिनेल सरळ जिंकतो. पातं पातळ आणि आतपर्यंत निमुळतं घासलेलं, त्यामुळे पेरू फुटत नाही, कापला जातो. पण कार्बन पोलादाने कैरी कापली की पातं निळसर-काळं पडतं आणि पहिल्या काही फोडींना लोखंडाची चव येते. गडावर तिखट-मीठ लावून खाताना ती चव लपते; घरी मात्र आईने फोड तोंडात घालताच विचारलं, “कशाने कापलीस?” हा काळा थर बसू द्यावा, घासून काढू नये. तो नीट बसला की तांबडा गंज कमी धरतो आणि चवही उतरत नाही. मी तो मुद्दाम बसवला: पातं कैरीत खुपसून अर्धा तास ठेवलं, धुतलं, पुसलं, पुन्हा तेच.

पाऊस आणि बीचचं लाकूड

या नोंदीतला सगळ्यात मोठा धडा इथे आहे. बीचचं लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. जूनमध्ये पहिल्या सरींपासून ओपिनेलचं पातं जड उघडायला लागलं, जुलैत माळशेजच्या बाजूला भिजून आल्यावर तर नखाने उघडेचना. साव्वावाल्यांची यावर जुनी युक्ती आहे: कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठोकायचं, पातं झटक्याने थोडं बाहेर येतं आणि मग चिमटीत धरून ओढता येतं. युक्ती उत्तम चालते. पण हॉटेलात मिसळ येण्याआधी टेबलावर चाकू ठोकणारा माणूस आजूबाजूच्यांना फारसा आवडत नाही.

कायमचा उपाय म्हणजे मुठीला तेल पाजणं. यासाठी जवसाचं तेल सर्वोत्तम, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि लाकडाच्या आतच बसतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल असं वाळत नाही, नुसतं चिकट राहतं. आता जवस तेल दोन ठिकाणी मिळतं. रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल, जे आपण लहानपणी बॅटला चोपडायचो, ते लवकर वाळतं. पण ते वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात आणि हा चाकू फळांना लागतो. मी लाकडी घाण्यावरून खायचं कच्चं जवस तेल आणलं. वाळायला जास्त दिवस लागतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून हे काम एप्रिल-मे मध्ये करायचं: मूठ उन्हात कोरडी करायची, तेलात रात्रभर बुडवायची, बाहेरचं तेल पुसून टाकायचं आणि वाऱ्यावर ठेवायची. आठवड्याने पुन्हा. मी ऑगस्टमध्ये हेअर ड्रायर आणि तांदळाच्या डब्यात मूठ पुरून काम भागवलं. बरा फरक पडला, पण उन्हाळ्यातलं काम ते उन्हाळ्यातलंच.

एक गोष्ट गंभीरपणे: जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

पात्याला मी खोबरेल लावत असे. पुण्यात डिसेंबरात ते थिजतं आणि बिजागरीत पांढरी साय बसते. आता औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन वापरतो. बद्धकोष्ठावर द्यायचं तेच. खवट होत नाही, वास नाही, आणि चुकून पोटात गेलं तरी त्यासाठीच बनवलेलं आहे. दुकानदार काका मात्र दर वेळी काळजीने चौकशी करतात.

धार

दगड १०००/६००० चा जोड दगड, म्हणजे एका बाजूला भरड कणांचा (१०००) आणि दुसऱ्या बाजूला बारीक कणांचा (६०००). दोन्ही चाकूंना मी दर बाजूला साधारण २० अंशांचा कोन धरतो, ओपिनेलला थोडा कमी. कोन मोजायला उपकरण लागत नाही: पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा किंचित जास्त वर उचलली की २० अंश होतात, पाव भाग उचलली की सुमारे १५. धारेवर मार्करची शाई लावा आणि दोन घासे मारा. शाई वरच्या बाजूला गेली तर पातं फार झोपलंय, धारेच्या अगदी कडेशीच गेली तर फार उभं आहे.

बर (घासताना धारेच्या पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कड) आली की नाही हे अंगठ्याने आडवं चाचपून बघा, धारेच्या दिशेने कधीच नाही. ती बर काढायला पट्टा लागतो आणि त्यासाठी माझा या मोसमातला आवडता शोध म्हणजे कोल्हापुरी चपलेचं चामडं. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, घट्ट आणि कमी दबणारं. पट्ट्याला हेच हवं, कारण मऊ चामडं धारेभोवती वळतं आणि टोक गोल करतं. चप्पल करणाऱ्याकडून उरलेला तुकडा आणला, फेविकॉलने फळीवर चिकटवला आणि स्टीलच्या बफिंगची हिरवी वडी घासली. न्हाव्याकडे वस्तऱ्यासाठी टांगलेला पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना यात नवीन काही नाही.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे घरची विळी आणि कोयता जरूर द्या. खिशातला चाकू देऊ नका. तो माणूस कसबी असतो, पण कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून थंड करून कडक केल्यावर, ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा १६० अंश सेल्सिअसवर तापवलेलं असतं. चाकाखाली धार निळी पडली म्हणजे तापमान त्याच्या बरंच वर गेलं आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. ठिणग्या उडताना बघायला मजा येते, एवढंच.

दापोलीचे काका

जुलैअखेरीस दापोलीजवळच्या एका रोपवाटिकेत गेलो होतो. आंब्याची कोय कलमं चालली होती. कोय रुजून वर आलेलं, अजून तांबूस पानांचं कोवळं रोप. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, कलमकाडीला दोन्हीकडून पाचरीसारखा छेद देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायचं. काका हे बोलता बोलता करत होते. हाताशी एकच घडीचा चाकू, लाकडी मुठीचा, पातं वर्षानुवर्षं घासून निम्मं उरलेलं.

बघायला मागितला. धार एकाच बाजूने, दुसरी बाजू पूर्ण सपाट. दोन्हीकडून उतार असलेलं पातं लाकडात शिरताना किंचित वळण घेतं आणि काप पोकळ होतो. कलमात सालीखालचा हिरवा थर दुसऱ्याच्या थराला भिडला नाही तर जोड धरत नाही. म्हणून एका घावात सपाट काप हवा. त्यांनी माझा कॅडेट उघडला, अंगठ्यावर धार पाहिली, एका काडीवर चालवला आणि म्हणाले, “धार बरी आहे हो, पण हा पेरू कापायचा चाकू.” मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

या काकांना कुणी “रोज चाकू का बाळगता” असं विचारणार नाही. माझ्या आजोबांच्या चंचीतल्या अडकित्त्याबद्दलही कुणी विचारलं नाही. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि तो अडकित्ता मिळून एक माणूस पूर्ण होत असे. शहरात आपल्या खिशातल्या पात्याला असं नेमून दिलेलं काम नाही, म्हणून ते बाहेर काढताना समोरच्याच्या डोळ्यांत शंका येते. आणि इथेच माझा निकाल लागला. दोघांतल्या पोलादाने तो लावला नाही.

ओपिनेल ऑफिसात उघडला, कडं फिरवून टक्कन अडकवलं, की शेजारचा खुर्ची मागे घेतो. कॅडेट दोन हातांनी, नखाच्या खाचेतून हळू उघडतो, शेजारी बाटली-ओपनर दिसतो आणि तोच शेजारी म्हणतो, “झाल्यावर जरा दे.” जो चाकू लोक मागून नेतात तोच रोजचा चाकू. काळ्या रंगाचे, एका हाताने सटकन उघडणारे, ‘टॅक्टिकल’ लिहिलेले चाकू ज्यांना आवडतात त्यांनी संग्रहात जरूर ठेवावेत. रोज खिशात ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. आणि स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगतो म्हणणाऱ्यांनी कृपया हा नाद सोडून धावायचा सराव करावा.

कायद्याचं

दर वेळी विचारलं जातं म्हणून. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपले चाकू त्या मापाच्या आसपासही नाहीत. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात जमावबंदीसोबत शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यात सुरे येतात, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तूही येते. तिथे इंच मोजले जात नाहीत. मोडला तर कलम १३५ लागतं. म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीला चाकू घरी. विमानाच्या केबिनमध्ये कधीच नाही, फक्त चेक-इन सामानात. मेट्रो, मॉल, न्यायालय इथे दारावर वाद घालू नका. त्या रक्षकाला आपल्या छंदाची माहिती असण्याचं काही कारण नाही.

पुढे काय

ओपिनेलची मूठ येत्या उन्हाळ्यात नीट तेलात बुडवणार. दुसरं, एक जुना कलमाचा चाकू मिळवून त्याची एकतर्फी धार दगडावर सपाट राखायची कशी हे शिकायचं आहे. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढायची, तिला कोन द्यायचा नाही, इतकं काकांनी सांगितलं. पोलाद साधं असेल तर १००० वरच थांबणार. कोकणातल्या कुणाकडे असा घासून बारीक झालेला चाकू पडून असेल तर सांगा. बदल्यात कोल्हापुरी चामड्याचा पट्टा करून देईन.