बिअरची बॅच नासली? आधी तोटी उघडा

घरी केलेली बिअर नासत नाही का, असं कोल्हापूरहून हमखास विचारलं जातं. नासते की! इथे ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र बंदी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त माहितीसाठी.

गुऱ्हाळावरचा उसाचा रस रात्रभर ठेवला तर आंबतो, तसंच माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड रसाचं, म्हणजे वर्टचं. उकळताना जंतू मरतात. गार झाल्यापासून यीस्ट जोर धरेपर्यंतचा वेळ खरा नाजूक.

पण घाबरून २३ लिटर मोरीत ओतू नका. तपकिरी चिकट फेस, तरंगणारे यीस्टचे पुंजके, सडक्या अंड्यासारखा वास हे बहुतेक वेळा आपोआप जातं. लोण्याचा वास आला तर बिअर यीस्टवरच २० अंशांना दोन-तीन दिवस ठेवा, बऱ्याचदा यीस्टच तो खाऊन टाकतं. संसर्गाची खूण वेगळी: वर पांढरी, सुरकुतलेली साय आणि तिच्यात अडकलेले बुडबुडे. व्हिनेगरचा वास म्हणजे हवा आत शिरली. केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर चवही न घेता फेकायचं.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) १.०१० वर थांबून पुन्हा १.००४ ला उतरला, तर यीस्टला न पचलेली साखर दुसरं कुणीतरी खातंय. अशी बिअर काचेच्या बाटलीत भरू नका, बाटल्या फुटतात. भरलेल्या असतील तर चष्मा-हातमोजे घालून आधी फ्रिजमध्ये गार करा, मग उघडा.

आता मूळ शोधायचं, आणि आमचा पहिला संशय बिअर आंबवायच्या बादलीच्या तोटीवर. प्लास्टिकची तोटी गरम पाण्यात ठेवून चमच्याच्या दांड्याने आतला फिरता भाग ढकला, तो सुटा होतो. मधल्या फटीत तपकिरी चिखल सापडतो. वरून कितीही धुतलं तरी तो हलत नाही. सोडियम परकार्बोनेट (मळ काढणारी पावडर) घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ब्रशने घासा, धुवा. त्यानंतरच लिटरभर पाण्याला दीड मिली स्टार सॅन (जंतू मारणारं आम्लयुक्त द्रावण), दोन मिनिटं. पुन्हा धुवायचं नाही, फेस राहिला तरी चालतो. मळावर मात्र ते काम करत नाही.

बिअर काढायची नळी सरळ बदला, स्वस्त असते. ओरखडे पडलेली बादलीही काढून टाका, आणि नवीला तारेची घासणी लावू नका. स्टीलला ब्लीच नको, खड्डे पडतात. ब्लीच आणि स्टार सॅन तर कधीच एकत्र करू नका. स्टार सॅन आम्ल आहे, विषारी क्लोरीन वायू सुटतो.