आरडी ३५० चा भाव: आधी कागद, मग इंजिन, चमक सगळ्यात शेवटी

पुतण्यानं परवा एक लिंक पाठवली. दिग्रसकडच्या कोण्या माणसानं राजदूत ३५० मोटरसायकल, म्हणजे शौकिनांची आरडी ३५०, ऑनलाइन विकायला काढलेली, लाल टाकी, क्रोम चकाचक, खाली लिहिलेलं 'विंटेज, फुल ओरिजिनल, शौकिनांनीच फोन करावा', किंमत साडेतीन लाख. पोट्ट्याचा एकच प्रश्न, काका भाव बरोबर हाय का?

या गाडीवर माझा जीव आहे म्हणून नीट लिहितो. पहिले तर जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव नाही, ती विकणाऱ्याची इच्छा आहे. लोक काय करतात, चार जाहिराती पाहतात आणि सरासरी काढतात, पण जी गाडी खरंच विकली गेली तिची जाहिरात तर निघून जाते आणि सौदा कितीत तुटला ते कोणाले दिसत नाही, जी महिनोन् महिने लटकून आहे तीच तुम्हाला दिसते. खरा भाव कळतो नागपूर-अमरावतीच्या जुन्या टू-स्ट्रोक मिस्त्रींना, कारण सौदे त्यांच्या दुकानासमोर होतात. त्यांना फोन करा.

'विंटेज' या शब्दाचे पैसे देऊ नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी. एस्कॉर्ट्स कंपनीनं ही गाडी १९८३ ला आणली, म्हणजे अगदी पहिली गाडीसुद्धा २०३३ शिवाय त्यात बसत नाही.

गाडी एचटी (हाय टॉर्क) की एलटी (लो टॉर्क) याचा मात्र फरक पडतो. सुरुवातीच्या हाय टॉर्क गाड्या ३०.५ हॉर्सपॉवरच्या, नंतरच्या लो टॉर्क २७ च्या आसपास, आणि शौकीन लोक एचटीलेच जास्त मोजतात, त्यामुळं विकणारा प्रत्येक जण आपली एचटीच सांगतो. आरसी बुकातलं वर्ष पहा.

कागदाचं तर मी सगळ्यात आधी पाहतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कापडानं पुसून स्वतःच्या डोळ्यानं बुकाशी जुळवायचा, घासून परत ठोकलेला असला की आकडे एका ओळीत बसत नाहीत, बोट फिरवलं तरी कळतं. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं रिन्यूअल दर पाच वर्षांनी झालंय का, नंबर ऑनलाइन दिसतो का, गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि आजोबा वारलेत का? तसं असेल तर आधी वारसांनी फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यावी, मग तुम्ही विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्या. हे होत नसेल तर माझ्या लेखी ती गाडी सुट्या पार्टच्या भावाची, कितीही सुंदर असो.

आता इंजिन. जायच्या आधी सांगून ठेवा की गाडी गरम करू नका, थंड असतानाच सुरू करून पाहायची. आपल्याकडं गाड्या वर्षानुवर्षे गोठ्याजवळ उभ्या असतात, वरून मे महिन्याचं ऊन, क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, रबरी सील वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी तापली तरी धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम. धूर तरी दिसतो, हे दिसत पण नाही. बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक, किती वेळा वाढवला ते विचारा, शेवटच्या साइजचा पिस्टन असेल तर पुढं सिलेंडरात स्लीव्ह, म्हणजे नवं अस्तर, टाकायचा खर्च आहे. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारा, बाहेरून लाल रंग नवा आणि आत गंजाचे पापुद्रे असं लय वेळा दिसतं.

कापसाचा व्यापारी कसा मूठभर कापूस हातात दाबून ओलावा पाहतो आणि तेवढा भाव तोडतो, तसंच करायचं. चांगल्या गाडीचा मिस्त्रीनं सांगितलेला भाव धरा, त्यातून क्रँक, बोअर-पिस्टन, टायर, वायरिंगचा खर्च वजा करा, आणि काम सुरू झाल्यावर आणखी काहीतरी निघतंच, त्याचे पण थोडे काढा.

दिग्रसच्या गाडीवाल्याशी मी बोललो. "भाऊ, कमी-जास्त होऊन जाईन, तुम्ही पयले या त खरं," म्हणाला. इंजिन खोललेलं नाही, रिन्यूअल संपलंय, नाव वडिलांचं, ते हयात आहेत म्हणून सही मिळेल. पुतण्याले सांगितलं, दोन लाखांपर्यंत बोल, रिन्यूअल त्यानंच करून द्यावं, आणि गाडी पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपया पण ऑनलाइन टाकू नको.