तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीत भावना कशी आणायची?

"गोष्ट जमते, प्रसंग चांगला असतो, पण वाचणाऱ्याला काही वाटतच नाही, तुम्ही भावना कशा आणता?" हा प्रश्न मला सारखा येतो. दर वेळी घाईत दोन वाक्यं सांगते आणि मुद्दा अर्धाच राहतो, म्हणून आज जरा बसून लिहितेय.

माझं पहिलं सांगणं असं की भावनेचं नाव घेऊ नका. 'तिला अतोनात दुःख झालं' असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते कळतं, बस्स, वाटत काही नाही. आपल्याकडे ही गोष्ट फार आधीच ओळखली होती. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 11व्या शतकात रसदोष, म्हणजे वाचताना येणारा रस बिघडवणारे दोष, सांगितले त्यात सुरुवातच या दोषाने केलीय, की रस किंवा भाव थेट त्याच्या नावाने सांगून टाकणं. आणि त्याच्या कितीतरी आधी नाट्यशास्त्रकार भरताने 8 सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर आपोआप उमटणं, दिले, घाम येणं, अंग कापणं, चेहऱ्याचा रंग उडणं, आवाज बदलणं वगैरे, म्हणजे सगळं शरीरावर दिसणारं. पण नुसतं शरीर लिहूनही भागत नाही हां, कारण 'घशाशी हुंदका दाटला' हे इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळे त्यावरून सरळ पुढे जातात.

मग काय करायचं, तर ते माणूस त्या क्षणी कशाकडे बघतंय आणि काय बोलायचं टाळतंय ते शोधायचं. समजा दोन बहिणी आहेत, कित्येक वर्षं एकमेकींशी बोलणं नाही, आई आजारी पडली म्हणून एका खोलीत आल्यात. धाकटी म्हणते, "तिला उशी उंच लागते." थोरली म्हणते, "माहितीय मला." धाकटी म्हणते, "नाही, आता दोन लागतात." एवढंच. त्या 'आता'मध्ये तू इथे नव्हतीस, मी होते, हे सगळं येऊन जातं, आणि 'ती कडवटपणे म्हणाली' असं वर जोडलंत की ते सगळं गेलं.

आता हीच गोष्ट धाकटी सांगत असेल तर तिला औषधांच्या वेळा पाठ असणार, कुठली खिडकी नीट लागत नाही ते माहीत असणार, आणि बहिणीकडे न बघता तिचं लक्ष बहिणीच्या बॅगेकडे जाणार, की बॅग किती मोठी आहे, म्हणजे ही किती दिवस राहणार. थोरली सांगत असेल तर तिला पाण्याचा ग्लास कुठे ठेवतात हेसुद्धा विचारावं लागणार, स्वतःच्या आईच्या घरात. खोली तीच, आई तीच, पण गोष्ट पूर्ण वेगळी झाली ना? लोक ज्याला निवेदकाचा आवाज म्हणतात तो मला इथे सापडतो, भारी शब्दांत नाही. धाकटीला 'मी थकलेय' हे म्हणायचं नाहीये, तर मग गोष्टभर ते वाक्य येऊ द्यायचं नाही, पण तिचं प्रत्येक बोलणं त्याच्या जवळून गेलं पाहिजे. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि आपली मराठी यात किती मदत करते! "तू आली नाहीस." "आली नाहीस तू." "नाहीच आलीस." "आली नाहीस ना तू." मोठ्याने म्हणून बघा, प्रत्येक वेळी बोलणारीचा मूड वेगळा आहे, कुठे नुसती नोंद, कुठे तक्रार, कुठे राग, कुठे जुनं दुखणं. शब्द इकडचा तिकडे केला, एक 'च' किंवा 'ना' घातला की काम होतं, त्यासाठी तीन-तीन उद्गारचिन्हं आणि टिंबांच्या रांगा लागत नाहीत. म्हणून संवाद लिहिले की ते फोनवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे तुमची जीभ आपोआप वेगळं म्हणते तिथे जिभेचं ऐकायचं.

याला जोडून अजून एक विचारतात, लिहिताना तुम्हाला रडू येतं का. येतं कधी कधी, पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावं, तिथे आवरून लिहिलं तर हाती काहीच लागत नाही. पण रशियन कथाकार चेकॉव्हने 1892मध्ये एका लेखिकेला पत्रात सांगितलं होतं की दुःखी माणसांबद्दल लिहून वाचकाच्या मनाला भिडायचं असेल तर स्वतः थोडं थंड राहा, म्हणजे त्यांच्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते. हा थंडपणा मी दुसऱ्या खर्ड्यासाठी ठेवते. काही दिवस जाऊ देते, मग प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तपासते, कारण भावनेचं नाव बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं, आणि ते वाक्य काढूनही परिच्छेद उभा राहत असेल तर काढून टाकते.