तुम्ही विचारलंत म्हणून: आजारी पेशी कशाला सांभाळता?

मिरजेला गेले की प्रश्न ठरलेले असतात. बंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून घरी पोचावं, तर आंघोळ व्हायच्या आत शेजारच्या काकूंची चहाला हाक येते आणि दुसऱ्या घोटाला सुरुवात होते. "अगं, तू त्या स्टेम सेलमध्येच आहेस ना अजून? मग आमच्या ह्यांच्या गुडघ्यांचं बघ की काहीतरी." गुडघे, डायबेटीस, एकदा तर भाचेजावयाचं टक्कल. हे सगळं मी हसण्यावारी नेते.

गेल्या वर्षी एक फोन आला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळवून एका गृहस्थांनी केला होता. त्यांच्या मुलाला एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. यात स्नायू दुबळे होत जातात. मुलगा बसतो, पण उभा राहू शकत नाही. इस्पितळात संशोधनासाठी म्हणून त्याचं रक्त घेतलं होतं, आई-बापांनी सह्या केल्या होत्या. "मॅडम, रक्तातनं तुम्ही नसांच्या पेशी तयार करता म्हणे. त्याच्याच पेशी, तुमच्याकडं वाढतायत. मग त्याच त्याला का देत नाही?"

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. नंतर हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा आला, की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

तर पहिली गोष्ट. आम्ही वाढवतो त्या पेशी बऱ्या नसतात. त्या मुद्दाम आजारी ठेवलेल्या असतात. बापाला वाटतं लॅबमध्ये मुलासाठी सुटे भाग तयार होतायत. प्रत्यक्षात तिथं त्याचा आजारच पुन्हा, पहिल्यापासून, आमच्या डोळ्यांदेखत घडवला जातो.

माझी आजी म्हणायची, भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. पेशींबद्दलही सगळ्यांची हीच समजूत होती. गर्भातल्या सुरुवातीच्या पेशीला काहीही होता येतं, हाड, हृदय, मेंदू. पण एकदा ती कातडी झाली की कातडीच राहते. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून त्यातून पुन्हा बेडकाचं पिल्लू वाढवून दाखवलं, तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी आयव्हीएफमध्ये उरलेल्या भ्रूणांपासून मानवी मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, वाढवल्या आणि भ्रूण वापरावा की नाही यावर रण माजलं. आणि २००६ मध्ये जपानमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घातली आणि भाकरीचं पीठ झालं! चोवीस जनुकांपासून सुरुवात करून, एकेक वगळत ते या चारांवर आले होते. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही ते जमलं, त्यांना आणि थॉमसन यांच्या गटालाही. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं. अशा 'पीठ' झालेल्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात.

महत्त्वाचं हे, की पीठ त्याच माणसाचं असतं. त्याच्या जनुकांतला दोष जसाच्या तसा पिठात उतरतो.

एसएमएमधला दोष साधा आणि क्रूर आहे. एसएमएन १ नावाचं जनुक नसतं किंवा बिघडलेलं असतं. त्याची जवळपास हुबेहूब नक्कल, एसएमएन २, आपल्यातल्या बहुतेकांकडे असते. पण तिच्यात एक अक्षर असं बदललेलं आहे की वाचताना मधला एक तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि तयार होणारं प्रथिन अर्धवट निघतं. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या मोटर न्यूरॉन्सना एवढं अपुरं प्रथिन पुरत नाही. त्या मरतात. आता जित्याजागत्या मुलाच्या कण्यातून पेशी काढून तर बघता येत नाहीत. हाती यायच्या त्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे आग विझल्यावरची राख.

२००९ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका गटानं एसएमए असलेल्या मुलाच्या आणि त्याच्या निरोगी आईच्या कातडीपासून आयपीएस पेशी केल्या आणि दोघांच्याही पेशींतून मोटर न्यूरॉन्स वाढवले. मला हा प्रयोग फार आवडतो, आईच्या पेशी शेजारच्याच बशीत (पेशी वाढवायच्या चपट्या डबीला आम्ही बशी म्हणतो) असल्यामुळे. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे मुलाच्या पेशींना मोटर न्यूरॉन होता येत होतं. सहाव्या आठवड्यापर्यंत त्या कमी झाल्या, बारीक झाल्या. आईच्या टिकून होत्या. पेशी तयारच होत नाहीत की तयार होऊन मरतात, या प्रश्नाचं उत्तर बशीत दिसत होतं.

त्याच प्रयोगात व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड, हे आपलं फिटचं औषध, घातल्यावर प्रथिन वाढलेलं दिसलं. इथं लगेच टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण हे औषध त्या सुमारास एसएमए झालेल्या मुलांवरही तपासलं जात होतं, आणि २०१० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत त्यांच्या हालचालीत काही फायदा दिसला नाही. बशीत गोष्ट खरी असली तरी मुलात तेवढी पुरत नाही. मी नवीन विद्यार्थ्यांना हे दोन्ही निकाल एकदमच वाचायला देते.

आता 'त्याला का देत नाही'. एकतर त्या पेशींत तोच दोष आहे. दोष दुरुस्त करता येतो, क्रिस्पर या जनुकं बदलायच्या तंत्रानं आम्ही करतोही, पण तो तुलनेसाठी: एकाच माणसाच्या दोन पेशी, फरक फक्त त्या एका दोषाचा. म्हणजे आईपेक्षाही जवळची जोडी. दुसरं, आयपीएस पेशी तशाच शरीरात सोडल्या तर गाठ होते. उंदरात मुद्दाम करून बघतात, गाठीत कूर्चा, आतड्यासारखं अस्तर, मज्जासंस्थेच्या पेशी, सगळं एकत्र कोंबलेलं सापडतं. आणि तिसरं, समजा चांगले मोटर न्यूरॉन्स तयार केले, तरी कण्यातल्या पेशीचा तंतू पायाच्या स्नायूपर्यंत जावा लागतो. सुईनं पेशी आत जाते, पण वायरिंग कोण करणार?

हे मी त्या गृहस्थांना नंतर सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं मला रात्रभर झोप आली नाही. एका ठिकाणी त्यांनी मुलाला 'स्टेम सेलची' तीन इंजेक्शनं आधीच दिली होती. शेत गहाण ठेवून. कसल्या पेशी, कुठून काढल्या, कागदावर काही नाही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची देशातली सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: ठरावीक आजारांसाठी केलं जाणारं रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. बिल हातात आलं की तिथंच उठून यावं, एवढं तरी घरोघरी पोचायला हवं.

एसएमएला आज औषधं आहेत. १६ कोटींच्या इंजेक्शनची बातमी सगळ्यांनी वाचली. पण तोंडानं घ्यायचं रिस्डिप्लामही आहे, ते एसएमएन २ चा गळणारा तुकडा जागेवर ठेवायला मदत करतं. अशी रेणूंची छाननी रुग्णांच्याच पेशींवर होते. मुलाच्या पेशी त्याला परत देता आल्या नाहीत, तरी त्या उपयोगी पडतात त्या अशा.

आमचं रोजचं काम मात्र बघायला फार रटाळ आहे. पेशींना रोज 'फीड' करावं लागतं, म्हणजे जुनं मीडियम, पेशी ज्यावर जगतात ते द्रव, काढून ताजं घालायचं. रविवारी, दिवाळीच्या पाडव्याला, ताप असला तरी. मीडियमची बाटली घरभाड्याएवढी महाग, सांडली तर जीव हळहळतो. गुलाबी मीडियम पिवळट व्हायला लागलं की समजायचं, पोरं भुकेली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची चांगली वसाहत म्हणजे थापलेली गोल भाकरी, कडा धारदार, पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. कडेला पेशी पसरट व्हायला लागल्या, की त्या आपल्या मनानं काहीतरी वेगळं व्हायला निघाल्यात. मग हुडमध्ये, म्हणजे जंतू शिरू नयेत अशा कपाटापुढे, बसून पिपेटच्या टोकानं तेवढाच भाग खरवडून टाकायचा. गव्हातले खडे वेचल्यासारखं, मान मोडेपर्यंत.

एकदा आमच्या लॅबमध्ये मायकोप्लाझ्मा शिरला. हा जंतू इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, मीडियम गढूळही होत नाही. पेशी फक्त जरा विचित्र वागायला लागतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय नवीन लक्षण सापडलं! तीन महिन्यांचं काम ब्लीचमध्ये गेलं. त्यातलं एक 'नवीन लक्षण' मी प्रेझेंटेशनमध्ये दाखवूनही झालं होतं.

आणखी एक अडचण मी काकूंना सांगत नाही, पण इथं सांगते. या पेशी वयानं गर्भातल्यासारख्या असतात. सत्तर वर्षांच्या माणसाच्या रक्तापासून केल्या तरी त्यांचं वय पुसलं जातं. एसएमए लहानपणीचा आजार, तिथं हे चालून जातं. पार्किन्सन्ससारखा उतारवयातला आजार बशीत दाखवायचा, तर म्हातारपण कुठून आणायचं?

त्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. मुलाचं औषध एका मदत योजनेतून सुरू झालंय. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्याच्या पेशी अजून आहेत का हो तिथं?" मला माहीत नाही. त्याचं रक्त आमच्याकडेच आलं की आणखी कुठल्या लॅबला गेलं, हेही मला कळत नाही. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. एवढंच सांगितलं, की आमच्याकडे एसएमएच्या चार वसाहती वाढतायत, बाकीच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या आहेत, आणि या रविवारी फीडिंगची पाळी माझी आहे.

"बरं," ते म्हणाले, "मग जेवल्यावर जावा."