उंब्रियात फिरताना आधी दगड बघा

रोमहून फ्लोरेन्सला जाणारे बहुतेक जण मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं ओर्विएतो गाव आणि त्याचा कडा ट्रेनच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. मी म्हणेन, उतराच. जलद गाडीच्या फंदात न पडता ‘रेजिओनाले’ (साधी प्रादेशिक गाडी) पकडा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

स्टेशन खाली, गाव वर. स्टेशनसमोरची फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) पियाझ्झा काहेन या चौकात सोडते आणि जवळच सान पात्रिझिओची विहीर आहे. कॅथेड्रल नंतर, आधी ही विहीर.

ओर्विएतो उभं आहे ते टफवर. ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला हा मऊ, सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर अडतं, त्यामुळे वर गावात पाण्याची बोंब. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर प्यायचं काय, म्हणून त्याने धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराला ही विहीर करायला सांगितली. खोली सुमारे ५४ मीटर. २४८-२४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांना वळसे घालत उतरतात, पण वाटेत कुठे मिळत नाहीत. जोडणारा पूल थेट तळाशी. पाणी वाहणारी खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची, मध्ये खोळंबा नाही. पायऱ्याही खेचरांच्या बेताने रुंद आणि बसक्या. उतरताना भिंत बघत जा: वर नुसता तासलेला टफ, खाली विटांचं बांधकाम. चिकणमाती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही ना! तीच माती सरकली की वरचा कडाही ढासळतो.

१२९० मध्ये सुरू झालेल्या कॅथेड्रलच्या भिंतींवर पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे (एक चुनखडक) आणि काळ्या बसाल्टचे पट्टे आहेत. सह्याद्रीत फिरलेल्याला बसाल्टची ओळख करून द्यायला नको. दर्शनी भागाचे मोझेइक दुपारनंतर उजळतात, तोवर आत सान ब्रिझिओ चॅपेलमध्ये बसा. छताचं काम चित्रकार फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये सुरू केलं, भिंती १४९९ ते १५०४ दरम्यान सिन्योरेल्लीने रंगवल्या. त्यातल्या पुनरुत्थानाच्या चित्रात मेलेली माणसं सपाट पांढऱ्या जमिनीतून हातांवर जोर देऊन वर येताहेत, काहींच्या अंगावर अजून मांसही चढलेलं नाही.

संत फ्रान्सिसच्या असिसी गावासाठी तेरोंतोलाला गाडी बदलायची. इथलंही स्टेशन पायथ्याशीच, वर जायला बस. गावाचा रंग लगेच बदलतो: सुबासिओ डोंगराचा गुलाबी-पांढरा चुनखडक. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि फोटो काढायला बंदी आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या चर्चमधल्या संत फ्रान्सिसच्या २८ चित्रांपुढे गर्दी असते (ती चित्रकार जॉत्तोची की नाहीत, हा वाद जुनाच), पण मी आधी चिमाबुए या चित्रकाराचं क्रुसारोहण बघायला सांगेन. त्याने पांढऱ्यासाठी शिशाचा रंग वापरला आणि तो काळा पडला. त्यामुळे उजेडाच्या जागी अंधार, अख्खं चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं. मग मान वर करा. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथल्या छताचे भाग कोसळून चौघं गेले. कमानींच्या पाठीवर शतकानुशतकं साचलेल्या राड्यारोड्याचं वजन तेव्हा भोवलं. पडलेल्या चित्रांचे तुकडे जुळवून पुन्हा बसवलेत; जिथे मिळाले नाहीत तिथे जागा फिकी दिसते.