अंकलीचा पूल आणि हरिप्रिया

रविवार, रात्री

सांगलीला जाणं म्हणजे प्रवास, असं २०२० च्या आधी कुणी म्हटलं असतं तर हसले असते. दुपारी जेवून ताईकडे निघायचं, रात्रीच्या जेवणाला परत कोल्हापुरात. वाटेत अंकलीचा पूल आला की कृष्णेला हात जोडायचे. इथं जिल्हा बदलतो हे शाळेत पाठ केलेलं, तेवढंच. मग पुलावर बॅरिकेड लागलं आणि पन्नासेक किलोमीटरवरची ताई परमुलखात गेली. ई-पासच्या अर्जात कारण लिहावं लागायचं. भाचीचं बारसं असं लिहायला हात धजेना. पाळणा मोबाइलवरच ऐकला.

२० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर सुरू झाली. गंमत अशी की एसटीला पास नको, पण स्वतःच्या गाडीतून जायचं तर २ सप्टेंबरपर्यंत हवाच! म्हणून एसटीनेच गेले. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, शेजारच्या सीटवर फुली, त्या फुलीवर माझी पर्स. जयसिंगपूरपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. पुलाखाली तांबडं पाणी दिसलं तेव्हा मास्कच्या आत नाक गळायला लागलं. पुसायची पण चोरी.

त्याआधी आम्ही टूरवाली माणसं. सहा महिने आधी पैसे भरायचे, दिवसाला सात पॉइंट, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. त्या मे महिन्यात हिमाचल ठरलेलं. टूरवाल्याने पैशांऐवजी क्रेडिट नोट दिली, वर्षभराच्या मुदतीची, आणि त्या वर्षाच्या शेवटाला दुसरी लाट. आईच्या हरिप्रिया एक्सप्रेसच्या, म्हणजे आमच्या तिरुपतीच्या गाडीच्या, तिकिटाचे पैसे मात्र रेल्वेने पूर्ण परत केले. तेव्हापासून लांबचं काही ठरवायचं म्हटलं की माझा हात खिशाकडे जातच नाही. रात्री घरच्या अंथरुणावर पाठ टेकता येईल एवढंच लांब जायचं. राधानगरी, गगनबावडा, फार तर खिद्रापूर.

खिद्रापूरला तर पुन्हा पुन्हा जाते. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात, स्वर्गमंडपात मधोमध छत उघडं आहे, गोल, आणि बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. एकदा खांबाला टेकून बसून राहिले. उन्हाची चकती शिळेवरून इतकी सावकाश सरकते की आपण बघतोय तोवर हलतच नाही; बाहेर फिरून, तुटक्या सोंडांचे हत्ती बघून आलं की कळतं, हललीय. टूरमध्ये असते तर वीस मिनिटांत ४८ खांब मोजून बसमध्ये.

पण याला मी शहाणपण म्हणणार नाही. निम्मी भीतीच आहे. पर्समध्ये अजून ऑक्सिमीटर असतो, पाण्याची बाटली घरची, आणि मागच्या सीटवर कुणी खोकलं की मान आपोआप वळते. साथीनंतर माणसं निसर्गाकडे वळली वगैरे वाचलं की मला रविवारची पन्हाळ्याच्या नाक्यावरची गाड्यांची रांग आठवते.

आणि आमची आई! त्याच घरात, त्याच साथीत, ती बरोबर उलटी झाली. आधी गुडघे दुखायचे, "बघू, जमंल तवा." अंबाबाईचं मंदिर मार्चमध्ये बंद झालं ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. तोवर महाद्वारातूनच हात जोडायची. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "अंबाबाईनंसुद्धा दार लावून घेतलं हुतं. आता मी कशाला थांबू गं?" भजनी मंडळाबरोबर पंढरपूर झालं, गाणगापूर झालं. आता तिरुपती. लोक तिरुपती करून आमच्या अंबाबाईला येतात, आमची बाई इथून तिकडे निघाली.

आज त्यावरूनच वाजलं. मी म्हटलं, निदान सुट्ट्या संपू देत, गर्दी कमी होईल. तर म्हणे, "बिनगर्दीचं तिरुपती बघायचं तर परत लॉकडाऊनच लागाय पाहिजे."

यावर काय बोलणार? संध्याकाळी कळलं, दादाने हरिप्रियाची तिकिटं काढलीसुद्धा. तिला खालचा बर्थ, मला न विचारता वरचा. रद्द केलं तर किती कापून घेतात ते मघाशी बघितलं. फार नाही कापत.